एका केसपेपरवरची चार औषधं: देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं

औषध देताना काय काय तपासाल, असं विचारलं की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलंमुलीही घडाघडा सांगतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. काही ठिकाणी हे पाच असतात, काही ठिकाणी सात, हल्ली दहापर्यंत यादी गेलीय. यादी लांबवून फार फरक पडतो असं मला वाटत नाही. या सगळ्या 'योग्यां'नी एवढंच पक्कं होतं की कागदावर जे लिहिलंय तेच तुमच्या हातून जातंय. कागदावरचं औषध या माणसाला, आज सकाळी, आत्ता द्यावं का, ते यातून कळत नाही. त्यासाठी औषधाआधी एखादा आकडा बघावा लागतो आणि औषध गेल्यावर आणखी एक. कधी नाडी, कधी साखर, कधी पोटॅशियम, कधी लघवीचं माप. तो आकडा कोणता, हे ज्याला माहीत त्याला ते औषध माहीत, असं मी धरून चालते. फार्माकॉलॉजीच्या वहीत औषधाचा ग्रुप पाठ असून बाकीचं कोरं असेल, तर वॉर्डात त्याचा उपयोग थोडाच.

सुटी सुटी औषधं घेऊन हे समजत नाही. म्हणून एक केसपेपर घेऊ. रुग्ण कल्पनेतला आहे, पण मेडिसिन वॉर्डात असा एक तरी सापडतोच. वय ६६. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली, पायांवर सूज, धाप. ठोके अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. जोडीला जुना मधुमेह. केसपेपरवर चार ओळी: इंजेक्शन फ्युरोसेमाईड ४० मिलिग्रॅम शिरेतून, बीडी (दिवसातून दोनदा). गोळी डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम, ओडी (दिवसातून एकदा), आठवड्यातून पाच दिवस. रेग्युलर इन्सुलिन ८-८-६ युनिट (सकाळ-दुपार-रात्र), जेवणाआधी. सिरप पोटॅशियम क्लोराईड १५ मिली, टीडीएस (दिवसातून तीनदा).

पुढे जे आकडे येतील ते प्रौढ रुग्णाचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं, आणि तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल काही वेगळं सांगत असेल तर तोच पाळायचा.

आधी माणूस कोण, ते

वॉर्डात दोन शिंदे असतात. कधी दोन सुनीताबाई शेजारी शेजारी असतात. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. रात्रीत रुग्ण हलवले जातात, एखाद्याला पंख्याखालची खाट हवी असते, आणि नातेवाइकांनी आपापसात अदलाबदल केली तर ती कुठेही लिहिलेली नसते. म्हणून नाव आणि आयपीडी नंबर (भरती झाल्यावर मिळालेला) अशा दोन गोष्टी केसपेपरशी जुळवायच्या, हाताला पट्टी असेल तर तीही.

यातली खरी मेख प्रश्न कसा विचारता यात आहे. "तुम्ही शिंदे काका ना?" असं विचारलं की ऐकू कमी येणारा, झोपेतून उठलेला किंवा सिस्टरपुढे संकोचणारा माणूस मान डोलावून मोकळा होतो. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं" असं म्हटलं तर त्याला नाव सांगावंच लागतं. दोन्हींत दोन सेकंदांचाही फरक नाही. त्याच वेळी विचारून घ्या की कुठल्या औषधाची अंगावर पित्त उठण्यासारखी काही रिॲक्शन पूर्वी आली होती का. ॲडमिशनच्या वेळी "नाही" सांगितलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी सहज आठवतं की गावाकडच्या दवाखान्यात एका सुईनंतर तोंड सुजलं होतं.

पाणी काढणारं औषध

फ्युरोसेमाईडला वॉर्डात कोणी फ्युरोसेमाईड म्हणत नाही, लॅसिक्सच म्हणतात. मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावणं हे त्याचं काम. फुप्फुसात साठलेलं पाणी उतरतं, धाप कमी होते. मात्र पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. आपल्या केसपेपरवरची पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

ॲम्प्यूल २ मिलीची असते, त्यात २० मिलिग्रॅम. म्हणजे दर मिलीला १० मिलिग्रॅम. ४० हवे असतील तर ४ मिली, दोन ॲम्प्यूल. ते हळू द्यायचं, मिनिट-दोन मिनिटं घेऊन. मोठा डोस असेल तर मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेग वाढवायचा नाही, कारण भरकन दिलं तर कानात गुणगुण सुरू होते आणि ऐकू येणं कमी होऊ शकतं.

देण्याआधी ब्लडप्रेशर आणि ताजा पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. प्रेशर आधीच खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरिंजला हात लावू नका. दिल्यावर बघायचं ते लघवीचं माप आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन. रोज एकाच काट्यावर, लघवी करून आल्यावर, नाश्त्याआधी. औषधाने काम केलं की नाही, हे पायावर बोट दाबून बघण्यापेक्षा काट्यावर लवकर कळतं. इनटेक-आऊटपुटचा, म्हणजे पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली याचा, चार्ट बहुतेक ठिकाणी शिफ्टच्या शेवटी अंदाजाने भरला जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. या रुग्णाच्या बाबतीत तरी तसं करू नका. लघवी मापाच्या भांड्यातच करायची, हे काकांना आणि त्यांच्याजवळ बसलेल्या माणसाला नीट समजावून सांगा.

बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. पण सकाळी ८ आणि रात्री ८ असं घड्याळ लावलंत तर काका रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या करतील आणि ओल्या फरशीवर घसरतील. म्हणून दुसरा डोस साधारण दुपारी देतात. वेळेचा नियम पाळायचा असतोच, पण ती वेळ कुणी आणि का ठरवली ते माहीत असलं पाहिजे.

एक सावधगिरी नावाची. लॅसिक्स आणि लॅसिलॅक्टोन ही नावं घाईत सारखीच दिसतात. दुसऱ्यात फ्युरोसेमाईडसोबत स्पायरोनोलॅक्टोन असतं, आणि ते पोटॅशियम शरीरातच अडवून ठेवतं. आपल्या रुग्णाला पोटॅशियमचं सिरप चालू आहे. त्यात चुकून लॅसिलॅक्टोन गेलं तर पोटॅशियम कमी होण्याऐवजी चढत जाईल. वाचायचं ते कंपोझिशन, ब्रँडचं नाव नुसतं ओळखीचं वाटून भागत नाही. आणि वाचायचं तीन वेळा: ट्रेमधून उचलताना, ॲम्प्यूल फोडताना किंवा गोळी काढताना, आणि रुग्णापाशी.

डिगॉक्सिन आणि पोटॅशियमची जागा

डिगॉक्सिनचं मूळ डिजिटॅलिस या झाडात आहे. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्याचे अनुभव छापले, तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं की मात्रा जास्त झाली की रुग्णाला उलट्या होतात, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात आणि नाडी मंदावते. सव्वादोनशेपेक्षा जास्त वर्षं झाली, लक्षणं तीच आहेत, आणि ती सर्वांत आधी दिसतात ती आजही खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला.

हे औषध ठोक्यांचा वेग कमी करतं आणि आकुंचनाचा जोर थोडा वाढवतं. अडचण अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फारच थोडं. शिवाय ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड ठीक असताना अर्धं औषध जायलाच साधारण दीड दिवस लागतो. वय झालेलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर आणखी उशीर, आणि रोजचा डोस मागच्या डोसवर साठत जातो. आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस डिगॉक्सिन लिहितात, त्यामागे हीच भीती. म्हणून आज 'गोळीचा वार' आहे की 'सुट्टीचा', हे चार्टवर स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारून लिहून घ्या.

गोळीआधीचा आकडा म्हणजे नाडी. मनगटावरची नाही, एपिकल. डाव्या बाजूला पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात, काही तर इतके कमजोर की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मनगटावर ५८ लागले आणि छातीवर ७४, असं होऊ शकतं. ठोके ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं.

आता पोटॅशियमकडे. हृदयाच्या पेशीवर सोडियम-पोटॅशियमचा एक पंप असतो. डिगॉक्सिन त्याला चिकटून काम करतं. गंमत अशी की पोटॅशियमलाही त्याच पंपावर जागा हवी असते. एसटी स्टँडवर लागली की खिडकीतून आधी ज्याचा रुमाल पडतो त्याची सीट; दुसरा प्रवासी आलाच नाही तर पहिला ऐसपैस बसतो. रक्तात पोटॅशियम पुरेसं असेल तर डिगॉक्सिनला मर्यादित जागा मिळते. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन सगळीकडे बसतं. गोळी तीच, ०.२५, पण परिणाम जास्त मात्रेचा.

आणि पोटॅशियम कोणी उतरवलं? फ्युरोसेमाईडने. चार ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असल्या तरी रक्तात त्या वेगवेगळ्या राहत नाहीत, ते असं.

याचा वॉर्डातला अर्थ सरळ आहे. काका सकाळी म्हणतात, जेवावंसं वाटत नाही, मळमळतंय. आपला हात सवयीने ऑन्डान्सेट्रॉनकडे जातो, उलटीचं इंजेक्शन दिलं की काम झालं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते ठीक असेलही. डिगॉक्सिनवरच्या रुग्णाला भूक मेली, मळमळ झाली, बोलण्यात गोंधळ आला किंवा ट्यूबलाईटभोवती पिवळं वलय दिसतंय असं तो म्हणाला, तर आधी नाडी मोजा, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट शोधा, आणि ते तिन्ही आकडे हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी मागवली तर नमुना डोसनंतर निदान ६ तासांनी घ्यायचा. त्याआधी घेतलात तर आकडा फसवा वर येतो.

याच गोळीवरून दशांश चिन्हाचं बोलून घेऊ. '०.२५' मधलं पुढचं शून्य गाळून '.२५' लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं की २५ वाचलं जातं. उलट '१.०' असं मागे शून्य लावलं तर १० दिसतात. पुढे शून्य हवं, मागे नको.

पोटॅशियम: सिरप आणि ती ॲम्प्यूल

रक्तातलं पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ एमईक्यू (मिलिइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं एकक) या पट्ट्यात असतं. सिरप १५ मिली म्हणजे सुमारे २० एमईक्यू. चव वाईट आणि पोटाला झोंबणारं, म्हणून अर्धा ग्लास पाण्यात मिसळून, जेवणानंतर, घोटघोट द्यायचं. काकांनी ते लॉकरवर ठेवून दिलं आणि तुम्ही 'दिलं' म्हणून सही केली, तर तुमच्या सहीवर विश्वास ठेवून डॉक्टर पुढचा निर्णय घेतील. समोर प्यायल्याशिवाय सही नको.

सिरपऐवजी इंजेक्शन लिहिलं गेलं, तर मात्र वॉर्डातलं सर्वांत धोकादायक औषध तुमच्या हातात आलं असं समजा. पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्यूल १० मिलीची, त्यात २० एमईक्यू. दिसायला शेजारच्या डिस्टिल्ड वॉटरसारखीच. एखाद्या अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला घाईत हीच उचलली गेली आणि शिरेत ढकलली, तर हृदय जागच्या जागी थांबतं. ही भीती घालायला सांगितलेली गोष्ट नाही. जगभरात असे मृत्यू झालेत आणि म्हणूनच बऱ्याच हॉस्पिटलांनी या ॲम्प्यूल वॉर्डाच्या सर्वसाधारण ट्रॉलीतून काढून कुलपात ठेवल्या. तुमच्या वॉर्डात त्या डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी असतील तर आजच इनचार्ज सिस्टरांना सांगा. विद्यार्थी आहोत, आपण कसं सांगायचं, असा विचार करू नका.

पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही. कधीच म्हणजे कधीच. सलाईनमध्ये मिसळून, हळू. हाताच्या साध्या शिरेतून देताना लिटरला ४० एमईक्यूपेक्षा जास्त दाट नको आणि तासाला १० एमईक्यूपेक्षा जास्त वेग नको, हा सर्वसाधारण दंडक. ५०० मिलीच्या बाटलीत एक ॲम्प्यूल म्हणजे ही दाटपणाची मर्यादा गाठलीच. ती बाटली ५ तासांत द्यायची ठरली, तर तासाला १०० मिली, म्हणजे तासाला ४ एमईक्यू. आयव्ही सेट मिलीला २० थेंबांचा असेल तर १०० गुणिले २०, भागिले ६०: मिनिटाला ३३ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय हे गणित करू नका. मायक्रोड्रिप सेट ६० थेंबांचा असतो.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना कुणी फारशी सांगत नाही. लटकलेल्या बाटलीत खालून पोटॅशियम टोचलं तर ते सलाईनपेक्षा जड असल्याने तळाशीच, नळीच्या तोंडाशी बसतं. पहिल्या काही मिनिटांत दाट पोटॅशियमच शिरेत जातं. गणित बरोबर, थेंब बरोबर, आणि तरी रुग्णाला धोका. म्हणून बाटली स्टँडवरून काढायची, औषध घालायचं, बाटली चांगली उलटीपालटी करायची, लेबल लावायचं (काय, किती, किती वाजता, कुणी) आणि मगच परत लावायची.

आधीचा आकडा अर्थात पोटॅशियमचा रिपोर्ट, आणि लघवी होतेय ना, हे. लघवी बंद असलेल्या माणसाला पोटॅशियम देणं म्हणजे बाहेर जायचा रस्ता बंद असताना आत भरत राहणं. चालू असताना शिरेत आग होतेय म्हणाले तर हात बघा, वेग बघा. मॉनिटरवर ईसीजीतली टी वेव्ह (ठोक्याच्या शेवटी येणारी लाट) उंच, टोकदार दिसायला लागली तर ड्रिप बंद करून डॉक्टरांना बोलवा.

आता कळेल की आपल्या काकांना डॉक्टरांनी सिरप का लिहिलं. एका बाजूने पाणी काढायचं आणि दुसऱ्या बाजूने पोटॅशियमसाठी बाटल्याच्या बाटल्या सलाईन चढवायचं, हे हृदय कमजोर असलेल्या माणसाला परवडत नाही. तोंडाने घेता येत असेल आणि पोटॅशियम फार खाली नसेल तर सिरप बरं.

इन्सुलिन: लाल टोपी, नारिंगी टोपी

भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलीत ४० युनिट असलेली आणि एका मिलीत १०० युनिट असलेली. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० वाल्यांची टोपी लाल, १०० वाल्यांची नारिंगी. सरकारी दवाखान्यात आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये ४० ची कुपी सर्रास दिसते. पेनमधलं इन्सुलिन बहुधा १०० चं. घोळ कुठे होणार, हे वेगळं सांगायला नको.

काकांना ८ युनिट द्यायचंय. ४० च्या कुपीतून, लाल टोपीच्या सिरिंजने ८ च्या रेघेपर्यंत ओढलं: ०.२ मिली, ८ युनिट. बरोबर. तीच कुपी, पण सिरिंज नारिंगी: ८ च्या रेघेवर ०.०८ मिली येतं, म्हणजे जेमतेम ३.२ युनिट. साखर उतरत नाही, मग डोस वाढवला जातो, आणि ज्या दिवशी कुणी योग्य सिरिंज वापरेल त्या दिवशी काका कोसळतील. उलट प्रकार लगेच घातक: १०० ची कुपी आणि लाल टोपीची सिरिंज. ८ च्या रेघेवर ०.२ मिली, पण आत २० युनिट. अडीचपट. सिरिंजवरची रेघ 'युनिट' दाखवते ती त्या त्या ताकदीच्या इन्सुलिनपुरतीच, हे डोक्यात घट्ट बसवा. इन्सुलिन सिरिंज संपल्या म्हणून साध्या १ मिलीच्या सिरिंजने अंदाज करणं हे तर नकोच.

ऑर्डर लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी 'यू' अक्षर आकड्याला चिकटून आलं की शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर वाचून खात्री करून घ्या. फोनवर ऑर्डर मिळाली तर ऐकून लगेच लिहा, लिहिलेलं वाचून दाखवा, आणि आकडा फोडून म्हणा: "एक-पाच, पंधरा युनिट, बरोबर ना सर?"

सिरिंज भरल्यावर दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायची पद्धत आहे. ती बहुतेकदा अशी पाळली जाते: "अगं, बघ गं, आठच आहे ना?" यात समोरची फक्त 'हो' म्हणते. खरं तपासणं म्हणजे तिच्या हातात केसपेपर, कुपी आणि सिरिंज द्यायची, आकडा स्वतः न बोलता, आणि तिने सांगायचं की कशातून किती भरलंय. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम, मॅग्नेशियम सल्फेट यांच्यासाठी तरी ही दोन मिनिटं काढाच. हेपरिनच्या ५ मिलीच्या कुप्या एकीत एकूण ५,००० आणि दुसरीत एकूण २५,००० युनिट अशा येतात, त्यामुळे तिथेही डोळ्यांची दुसरी जोडी हवीच.

आधीचा आकडा: ग्लुकोमीटरवरची साखर. बोट आधी धुऊन कोरडं करून घ्या. नुकतंच फळ सोललेलं असेल तर बोटावरचा रस साखर खोटी वाढवून दाखवतो. दुसरा प्रश्न आकड्याचा नाही, जेवणाचा. रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करतं, २ ते ४ तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास. पण जेवणाची गाडी आज किती वाजता येणार? काकांना आज सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलंय का? घरचा डबा घेऊन येणारी सून ट्रॅफिकमध्ये अडकलीय का? डबा येईल असं गृहीत धरून इन्सुलिन देऊ नये. उपाशी असतील तर डोस स्वतःच्या मनाने गाळूही नका, डॉक्टरांना विचारा.

दिल्यावर दोन-तीन तासांनी एक फेरी मारा. घाम, थरथर, चिडचिड, विचित्र बोलणं. बीटा ब्लॉकर (ठोके आणि प्रेशर कमी करणारं औषध) चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र दिसतो. साखर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. डॉक्टरांना हाक मारायची आणि २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली तयार ठेवायची.

आणि इथेही पोटॅशियम येतंच. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशीच्या आत ढकलतं. म्हणूनच पोटॅशियम घातक पातळीला चढलेल्या रुग्णाला ग्लुकोजसोबत इन्सुलिन देतात. पण आपल्या काकांचं पोटॅशियम आधीच फ्युरोसेमाईडने खाली आणलंय. इन्सुलिनने ते रक्तात आणखी उतरणार, आणि डिगॉक्सिन त्याच्या रिकाम्या जागा धरणार.

चूक झालीच तर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली होती. त्यामागची समजूत महत्त्वाची: बहुतेक चुका निष्काळजी माणसांमुळे होत नाहीत. एका सिस्टरकडे मोजता येणार नाहीत इतके रुग्ण, औषध भरताना तीनदा आलेल्या हाका, सारखी दिसणारी लेबलं, यातून त्या होतात. ट्रॉली घेऊन निघाल्यावर फोन बंद ठेवणं, दुसऱ्याने भरून ठेवलेली बिनलेबलची सिरिंज न देणं, एवढं आपल्या हातात असतं.

चुकीचं औषध गेलं असं लक्षात आलं तर पहिल्यांदा रुग्णाकडे जा: नाडी, श्वास, प्रेशर, साखर. मग लगेच डॉक्टर आणि इनचार्ज. काय गेलं, किती, किती वाजता, हे केसपेपरवर जसंच्या तसं. खाडाखोड नाही. शेवटच्या क्षणी टळलेली चूकही लिहून कळवायची, कारण उद्या तीच ॲम्प्यूल दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. औषध बरोबर देऊनही वाईट परिणाम झाला, तर भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या) कार्यक्रमाकडे नर्सही थेट कळवू शकतात. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

आणि न दिलेल्या औषधाची नोंद दिलेल्या औषधाइतकीच नीट हवी. चार्टवर नुसता गोल करून सोडलं तर पुढच्या शिफ्टला वाटतं, विसरली असेल, आणि ती देऊन टाकते. आपल्या काकांच्या बाबतीत सकाळची नोंद अशी असायला हवी: 'सकाळी ८. एपिकल पल्स ५४, पूर्ण मिनिट. मळमळ, नाश्ता नाकारला. साखर ११०. डिगॉक्सिन दिली नाही, इन्सुलिन दिलं नाही. डॉक्टरांना ८.१० ला फोन. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी तातडीने करण्याची ऑर्डर. फ्युरोसेमाईड रिपोर्ट येईपर्यंत थांबवलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून.' त्याखाली नाव, सही, वेळ. शिफ्ट संपताना ओव्हर देताना हीच नोंद पुढच्या सिस्टरला रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून वाचून दाखवायची, आणि रिपोर्ट अजून आला नसेल तर तो कुणी आणायचा, हेही तिथेच ठरवायचं.